टाकी रोज दुपारी रिकामी व्हायची

ही गोष्ट खरी आहे. ज्याला खोटी वाटेल त्यानं खुशाल खोटी म्हणावी, मी भांडायला येणार नाही. एवढंच सांगतो की जिच्या घरात हे घडलं ती माझी सख्खी मावशी आहे. घर कोल्हापुरात, फुलेवाडीला आहे. आणि गेल्या दिवाळीत त्या घरात मी स्वतः दोन दिवस राहून आलोय.

आणखी एक. भुताच्या गोष्टीला अमावास्या लागते, मध्यरात्र लागते, कुत्री रडावी लागतात. इथं तसलं काही नाही.

हे सगळं भर दुपारी घडलं.

बाहेर रखरखीत ऊन. शेजारच्या घरात टीव्ही चालू. कोपऱ्यावर भंगारवाल्याची हाळी. अशा वेळी कुणाला भीती वाटेल? निशामावशीलाही वाटायची नाही. आता ती दुपारी घरात एकटी बसत नाही.

मावशी महाद्वार रोडला एका साड्यांच्या दुकानात कामाला आहे. बाळासोकाकांचं उद्यमनगरात छोटंसं लेथचं शेड. सकाळी दोघं डबे घेऊन बाहेर पडायची, ती दिवेलागणीला परत. दिवसभर घराला कुलूप. वर गच्चीवर काळी टाकी. मागं परसात मोरी आणि मोरीवर एक नळ. पाणी पहाटे यायचं. टाकी भरायची, मावशी स्वयंपाकघरातली घागर, कळशी, पिंप भरून ठेवायची. दोन माणसांना एवढं पाणी दोन-तीन दिवस पुरायचं.

दोन माणसं म्हणतोय, पण खरं तर त्या घरात तीन माणसं होती.

तिसरा पृथ्वीराज. माझा मावसभाऊ. एकुलता एक.

काका मनानं वाईट नाहीत, पण जीभ अशी की ऐकणाऱ्याला दोन दिवस अन्न गोड लागू नये. पृथ्वीनं आयटीआय केलं होतं आणि बापाच्या शेडमध्ये बसायचं नाही म्हणत होता. मार्चमध्ये दोघांचं कडाक्याचं वाजलं. जातोस तर जा, पण मग या उंबऱ्याला पाय लावू नकोस, असं काका बोलून गेले. पोरगंही त्याच वळणाचं. त्याच संध्याकाळी त्यानं बॅग भरली आणि बोअर मारायच्या गाडीवर कामाला लागला. या गाड्या कुठंकुठं फिरतात. कधी तेलंगण, कधी छत्तीसगड, कधी ओडिशा.

बापाला त्यानं एकदाही फोन केला नाही. मावशीला मात्र दर रविवारी करायचा.

नागपंचमीला त्याचा फोन आला. ओडिशात कुठंतरी होता. तिकडं लय पाऊस लागलाय म्हणाला. गाडी चिखलात रुतलीये, ती वर काढायला चाललोय, मग निवांत करतो फोन, म्हणाला.

तो फोन परत आलाच नाही.

नंबर लावला की बंद. गाडीमालकाचा नंबर लावला, तोही बंद. पोलिसांत तक्रार दिली, फोटो दिला. तिकडच्या भाषेत कुणाशी बोलायचं हेही कुणाला ठाऊक नव्हतं. मावशीचं जेवण सुटलं. काका तोंडानं म्हणायचे की पैसे संपले की येईल झक मारत. पण रात्री ते दाराची कडी लावायचे नाहीत, नुसतं दार लोटून झोपायचे. मावशीला ते ठाऊक होतं. 

अशात पाण्याचं बिल आलं.

नेहमीच्या चौपट.

काका त्या कागदावर असे ओरडले की शेजारच्या यल्लाप्पांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. दुसऱ्या दिवशी लेथ बंद ठेवून ते ऑफिसात गेले. तिथल्या माणसानं शांतपणे सांगितलं की मीटर बरोबर चालतंय, तुमच्याच घरात कुठं गळती आहे का बघा.

मग हंबीरराव प्लंबरला बोलावलं. त्यानं संडासच्या टाकीत नीळ टाकली, निळं पाणी खाली झिरपतंय का बघायला. झिरपत नव्हतं. पाणी यायच्या वेळी त्यानं घरातले सगळे नळ आणि टाकीचा कॉक बंद केला. मीटरचा काटा जागच्या जागी थांबला. भिंतीला हात लावून बघितला, फरशीला कान लावून बघितला.

शेवटी हात पुसत म्हणाला, "बाळासो, कुटं थेंबभर गळती न्हाय. पाणी वापरलं जातंय."

काकांनी त्याला विचारलं, दोन माणसं एवढं पाणी कसं वापरतील?

हंबीररावनं खांदे उडवले. ते मला काय ठाऊक, म्हणाला, आणि पाना पिशवीत घातला.

त्या दिवसापासून दोघं टाकीवर नजर ठेवायला लागली. पहाटे टाकी काठोकाठ भरायची. दोघं कामावर जायची. संध्याकाळी मावशी गच्चीवर जाऊन झाकण उचलायची आणि आत बघायची…

तळाला ओल तेवढी उरलेली असायची.

एक दिवस नाही, दोन दिवस नाही. रोज.

काकांचा संशय लगेच यल्लाप्पांवर गेला. यल्लाप्पा निपाणीकडचे, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. मधली भिंत छातीएवढी. उडी मारून येतंय आणि नळाला पाईप लावतंय, असं काकांचं म्हणणं. ते भिंतीवरूनच भांडायला उभे राहिले. यल्लाप्पांनी काकांना हाताला धरून स्वतःच्या परसात नेलं आणि बोअरचा पंप चालू करून दाखवला. मनगटाएवढी धार पडली. माझ्याकडं पाणी उतू चाललंय पावणं, तुमचं कशाला चोरू, असं ते म्हणाले. पंधरा वर्षांच्या शेजाऱ्याला पावणं म्हटल्यावर काय समजायचं ते काका समजले.

तरी त्यांनी जिन्याच्या दाराला कुलूप घातलं. परसदाराला आतून आडणा लावला. मोरीच्या नळाचा फिरवायचा कानसुद्धा पान्यानं काढून खिशात घालून नेला.

संध्याकाळी आले. कुलूप जागेवर. आडणा जागेवर. नळाचा कान काकांच्या खिशात.

टाकी रिकामी.

आणि मोरीची फरशी… ओलीचिंब.

आता दुसरीच एक गोष्ट मावशीच्या ध्यानात यायला लागली. सकाळी भरून ठेवलेली घागर संध्याकाळी रिकामी असायची. कधी कळशी. एकदा पिंप. पहिल्यांदा तिला वाटलं, आपणच भरायचं विसरलो. लेकाच्या काळजीनं तिचं लक्ष असं उडालं होतं की दुकानात ती गिऱ्हाइकाला निळी साडी मागितली तर हिरवी काढून द्यायची. काकांनीही तिच्यावरच खापर फोडलं. नळ चालू ठेवून जातीस आणि घर धुवून काढतीस, असं म्हणाले. मावशीला ते खरंही वाटलं. आपल्याच डोक्याचं काही बिघडलंय या भीतीनं ती आठवडाभर गप्प बसली.

मग एका संध्याकाळी ती घरात आली आणि परसात गेली.

मोरीपाशी भांडी मांडलेली होती. पिंप, घागर, कळशी, तपेलं, तांब्या. मोठ्यापासून लहानापर्यंत, एका ओळीत. सगळी स्वच्छ घासलेली…

सगळी पालथी.

मावशी म्हणते, त्या वेळी मला भीती वाटली न्हाय, बरं वाटलं. कारण हे आपण केलेलं नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे डोकं ठिकाणावर होतं. म्हणजे चोर होता. पण पाणी ओतून भांडी घासून ठेवणारा हा कसला चोर?

तिनं ठरवलं, बघायचंच.

दुकानात डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी ती घरातच राहिली. काकांना म्हणाली, मला आत ठेवून बाहेरून रोजच्यासारखं कुलूप लावा. काकांना वाटलं ही यल्लाप्पाला रंगेहाथ पकडणार. मोठ्या उत्साहानं त्यांनी कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि गेले.

मावशी स्वयंपाकघरात फ्रिजच्या आडोशाला पाट टाकून बसली. समोर कट्ट्यावर भरलेली भांडी. पंखा लावला नाही, आवाज नको म्हणून.

अकरा वाजले. बारा वाजले. शेजारी यल्लाप्पांचा टीव्ही चालू होता. भाजीवाली ओरडत गेली. मावशीला डुलकी लागायला आली.

आणि एकाएकी सगळं गप्प झालं.

टीव्ही बंद झाला नव्हता, ती म्हणते. आवाज येत होता, पण लांबून, कान पाण्यात बुडवल्यावर येतो तसा.

मग…

परसातला नळ सुरू झाला.

मावशी ताडकन उठली आणि खिडकीशी गेली. नळाला कान नव्हता. काकांच्या खिशात होता. तरी नळ पूर्ण सुटला होता. जाड धार मोरीत पडत होती आणि पाणी खळखळत गटाराकडं चाललं होतं. परसात कुणीही नव्हतं. परसदाराचा आडणा तसाच होता.

तिनं मागं वळून बघितलं. कट्ट्यावरची घागर जागेवर नव्हती.

ती पुन्हा खिडकीकडं वळली.

घागर मोरीच्या कडेला होती. कलती. तिच्यातून पाणी पडत होतं, पण एकदम नाही. थोडं पडायचं, थांबायचं. मग परत थोडं. म्हातारं माणूस कसं दम घेत घेत ओततं, अगदी तसं. शेवटचं पाणी गेलं. घागर सरळ झाली. मग हळूच…

पालथी झाली.

तेव्हा मावशीला वास आला. मिसरीचा. तव्यावर तंबाखू भाजून केलेल्या मिसरीचा. त्या घरात मिसरी लावणारं एकच माणूस होतं, आणि ते जाऊन दोन वर्षं झाली होती.

मावशीच्या सासूबाई. बायडाबाई. घरात सगळे त्यांना आक्का म्हणायचे, पोटचा मुलगासुद्धा.

आक्का शाहूवाडीकडच्या. रीतीभातीला कडक. भाऊकीत कुठंही मयत झालं आणि निरोप आला, की त्या आधी रडायच्या नाहीत. आधी उठायच्या आणि घरातलं साठवलेलं पाणी ओतून टाकायच्या. घागर, कळशी, पिंप, अगदी उशाचा तांब्यासुद्धा. भांडी घासून ओळीनं पालथी घालायच्या. मग अंघोळ, आणि मग रडणं. एकदा चुलत दीर गेल्याचा निरोप आला तेव्हा आक्कांनी परसातला नळ सोडून गच्चीवरची अख्खी टाकी वाहवली होती. काका चिडले. पाण्याची नासाडी काय करालीस म्हणाले. आक्का म्हणाल्या होत्या, "मढ्याच्या घरचं पाणी प्यायचं न्हाय, बाळा. टाकीत हाय म्हणून काय ते पाणी न्हवं?"

मावशीला हे सगळं आठवलं.

आक्का निरोपाशिवाय कधी पाणी ओतायच्या नाहीत.

म्हणजे त्यांना निरोप मिळाला होता.

कुणाचा?

मावशी खाली बसली आणि तिथूनच फोन लावायला लागली. बाहेर नळ चालूच होता. आधी काकांना. ते उचलून खेकसले, सापडला काय चोर? जिवंत होते. मग गारगोटीला माझ्या आईला. आई म्हणाली, बरी हाय की, का गं? शाहूवाडीच्या जावेला, नणंदेला, पुतण्याला, भाऊकीतल्या एकेका घराला. सगळे सुखरूप. सगळे जेवणखाण करून निवांत. मावशी प्रत्येकाला म्हणाली, सहज केला.

मग एकच नंबर उरला.

तो बंदच होता.

बाहेर नळ थांबला. टाकी संपली होती.

बिलावरच्या दोन महिन्यांत नागपंचमी येते, हे तिला तेव्हा सुचलं. हे पाणी कधीपासून जायला लागलं असेल, याचा विचार तिनं तिथंच तोडून टाकला.

चार दिवस तिनं काकांना काही सांगितलं नाही. पाचव्या दिवशी काकांनी परत यल्लाप्पांचं नाव काढलं आणि मावशीचा बांध फुटला. तिनं सगळं सांगितलं. मिसरीच्या वासासकट.

काका हसतील असं तिला वाटलं होतं. ते हसले नाहीत. ते उठले, परसात गेले आणि मोरीसमोर उभे राहिले. मोरीत कुणी नव्हतं. काका त्या रिकाम्या मोरीवर ओरडले.

"आक्का, माझं पोरगं मेलेलं न्हाय. तू हात लावू नगंस माझ्या पाण्याला."

आणि मग हा माणूस, ज्यानं आईच्या मयतीलाही डोळ्यांतून टिपूस काढला नव्हता, तो मोरीच्या दगडावर बसून ओक्साबोक्शी रडला. मी बोललो त्याला, मीच बोललो, एवढंच म्हणत होता. मावशीनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तिलाही त्याचा राग होता, आत खोल होता, पण त्या वेळी तिला त्याची कीवच आली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी…

भांडी पालथी होती.

दिवाळीला आठ-दहा दिवस राहिले असतील. रविवार होता. दुपारची वेळ. मावशी भाजणीचं धान्य निवडत बसली होती. फाटकाची कडी वाजली. काका उघडायला गेले आणि तिथंच थांबले. बराच वेळ त्यांचा आवाज आला नाही. म्हणून मावशी दारात आली.

फाटकात पृथ्वीराज उभा होता.

वाळलेला, काळवंडलेला, बुटांना लाल माती. खांद्याला तीच बॅग. बाप आणि लेक एकमेकांकडं बघत उभे. काकांनी दोन्ही हातांनी त्याचे दंड धरले होते. दाबून बघत होते, हाडामासाचा आहे का ते.

हाडामासाचाच होता.

मावशी म्हणते, मला काय झालं मला कळलं न्हाय. ती हसत होती, रडत होती, त्याला मारत होती. मग भानावर आली आणि त्याला दारातच थांबवलं. भाकरीचा तुकडा आणला, त्याच्यावरून ओवाळून लांब टाकला. तांब्यानं त्याच्या पायांवर पाणी घातलं.

गल्ली गोळा झाली. यल्लाप्पांनी भांडण विसरून पेढे आणले. पृथ्वी सगळ्यांशी बोलला. फोन चिखलात गेला म्हणाला. आजारी पडलो, मग दुसऱ्या गाडीवर गेलो, मग जमलंच नाही. जरा कमी बोलत होता, पण पोरगं दमून आलं होतं.

काकांनी विचारलं, "गाडी निघाली का वर, ती रुतलेली?"

"व्हय," पृथ्वी म्हणाला. "गाडी काढली."

सगळे आत गेले. मावशी मागं राहिली, दार लोटायला. पायरीवर तिचं लक्ष गेलं. तांब्याभर पाणी घातलं होतं तिनं. बूट काढून तो उभा राहिला होता ती फरशी…

कोरडी होती.

उन्हानं वाळली असेल. मावशीनं दार लोटलं.

त्या रात्री काकांनी कित्येक महिन्यांनी दाराला कडी घातली. म्हणाले, म्हातारीचं चुकलं बघ. मेल्यावर माणसाला कमी दिसत असंल. दोघं हसली. दिवसभर घरात माणसं होती, त्यामुळं टाकीही भरलेलीच राहिली होती. संपलं, असं दोघांना वाटलं.

सोमवारी दोघं कामाला गेली. पृथ्वी घरी झोपून राहिला.

संध्याकाळी मावशी येताना त्याला आवडतात म्हणून भडंग आणि खाजा घेऊन आली. तो कॉटवर बसून भिंतीकडं बघत होता. ती परसात गेली…

पिंप, घागर, कळशी, तपेलं, तांब्या.

ओळीनं. पालथी.

तिनं आत येऊन पृथ्वीला विचारलं, दुपारी कुणी आलतं का? मी झोपलोवतो आई, तो म्हणाला. टाकी बघितली. रिकामी.

मावशी परत परसात आली. मोरीपाशी वाकली आणि हळू आवाजात, लेकाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "आक्का, आला की वो तो. घरात हाय. बघा की जरा."

मिसरीचा वास आला. जवळून.

मग शेवटच्या तांब्याला, जो आधीच पालथा होता, त्याला कुणीतरी हळूच जमिनीवर दाबल्यासारखं झालं. पक्का बसलाय ना, बघावं तसं.

काका परत सगळ्या भाऊकीला फोन लावायला बसले. दुसरंच कुणीतरी गेलं असेल, आपल्याला कळलं नसेल, असं त्यांचं म्हणणं. कुणीही गेलेलं नव्हतं. मग ते म्हणाले, एक देवऋषी ओळखीचा आहे, त्याला आणू, आक्काला काय पाहिजे ते विचारू, म्हणजे एकदाचा उलगडा होईल.

मावशीनं त्यांना थांबवलं. आधी नुसतं नको म्हणाली. काका हट्टाला पेटले, एवढं पाणी फुकट चाललंय, कारण कळायला नको काय, असं म्हणाले. तेव्हा तिनं त्यांचा हात धरला.

"कारण बघायचं न्हाय," ती म्हणाली. "पोरगं घरात हाय. बिल मी भरतो."

काका तिच्याकडं बघत राहिले. मग खाली मान घालून भाजीतलं मीठ कमी आहे म्हणाले. तो विषय त्या घरात परत निघाला नाही.

दिवाळीत मी गेलो तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पृथ्वी मला फाटकापर्यंत घ्यायला आला. आम्ही जुन्या गोष्टी काढल्या, तो हसला. हसायच्या जागी बरोबर हसला. चकली खाल्ली, चिवडा खाल्ला. मी त्याच्या शेजारी बसलो होतो, मांडीला मांडी लावून. त्याचं अंग गार नव्हतं, डोळे लाल नव्हते. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, पोरगं जरा शांत झालंय, एवढंच.

पाडव्याच्या सकाळी तो अंघोळीला गेला. आतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. तो बाहेर आला, मी आत गेलो. नवी घडी घातलेला टॉवेल खुंटीवर तसाच होता. बादली काठोकाठ भरलेली होती. मी फरशीवर पाय ठेवला आणि…

फरशी कोरडी ठणठणीत होती.

मी बाहेर येऊन मावशीला काही बोलणार होतो. तिनं माझ्या चेहऱ्याकडं बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मला स्वयंपाकघरात नेलं. कुकरच्या शिट्ट्यांच्या आवाजात, कणीक मळत मळत, तिनं मला ही सगळी हकिकत सांगितली. तुला सांगितलं तसं कुणाला सांगू नगंस यशा, म्हणाली. मी आता सांगतोय. गावांची नावं तेवढी खरी आहेत, माणसांची बदललीत. माझं सुद्धा.

मी तिला विचारलं, मावशी, तुला भीती नाही वाटत?

तिनं कणकेचे हात परातीत झटकले. मग म्हणाली, "अडीच महिने दार उघडं टाकून बसलो आम्ही. आलाय. आता त्याला कुटं घालवू?"

दुसऱ्या दिवशी मला पहाटेच्या गाडीनं निघायचं होतं. अजून अंधार होता. काका झोपले होते. मी बाहेरच्या खोलीत बूट घालत होतो. मावशी पाय न वाजवता पृथ्वीच्या खोलीत गेली. दार अर्धं उघडं होतं, मला दिसत होतं. तो भिंतीकडं तोंड करून पडला होता. उशाशी रात्री ठेवलेला तांब्या आणि भांडं.

तांब्या काठापर्यंत भरलेला होता.

तिनं तो उचलला. तिच्या हातांना त्याची सवय झालेली दिसत होती, एक थेंब सांडला नाही. काका उठायच्या आत ती परसात गेली. तिनं पाणी मोरीत ओतलं. तांब्या घासला, विसळला…

आणि दगडावर पालथा घातला.

मग पदरानं हात पुसत ती माझ्याकडं आली आणि डब्यात लाडू दिलेत, प्रवासात खा, म्हणाली.

मधे नवीन बिल आलं असं कळलं. पहिल्यापेक्षा जास्तच होतं. मावशीनं त्याच दिवशी भरून टाकलं.

आमच्या आईला यातलं काही ठाऊक नाही. ती रोज म्हणते, पृथ्वीला चार दिवस गारगोटीला बोलाव, पोराला जरा बदल होईल, तुझ्या खोलीत झोपेल की.

मी अजून फोन केलेला नाही.